वाचनालयाच्या सभागृहात चवथीनंतर चित्रपटांचे तीन खेळ: पडदा, आवाज, हक्क यांची जमवाजमव कशी करावी?

वाचनालय_डिचोली

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयातर्फे चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, महिन्याला एक असे तीन चित्रपट दाखवायचे ठरले आहे.

ऑक्टोबरात साठच्या दशकातला एक कृष्णधवल कोंकणी चित्रपट, मराठी सबटायटलसह. नोव्हेंबरात दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९), पडद्याशेजारी पेटी, पखवाज आणि घुमट (मातीच्या भांड्याला कातडे ताणलेले गोव्यातले तालवाद्य) घेऊन. डिसेंबरात देवळाच्या प्रांगणात उघड्यावर एक खेळ. त्याचा चित्रपट अजून ठरायचा आहे.

सभागृह ५० फूट लांब, ३० फूट रुंद. खुर्च्या १२०, पश्चिमेला तीन खिडक्या, छताला पंखे, एसी नाही. ५००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचे माप) प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. आवाजाला नाटकांसाठी लागणारा मिक्सर आणि दोन स्पीकर आहेत.

पडदा केवढा घ्यावा? हक्कांसाठी कुणाकडे जावे? लॅपटॉपवर सबटायटलमधली जोडाक्षरे फुटतात, त्यावर काय उपाय? आणि मूकपटाची गती कशी सांभाळतात?

रिळ_पस्तीस

आधी हक्क, मग पडदा. ओटीटीची वर्गणी भरली आहे किंवा चित्रपट यूट्यूबवर सापडतो, एवढ्यावर सभागृहात दाखवता येत नाही. ती मुभा घरापुरती असते. प्रवेश फुकट ठेवला तरी कायद्याच्या नजरेत तो सार्वजनिक खेळच.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६३ चा चित्रपट ३१ डिसेंबर २०२३ ला मोकळा झाला, १९६६ चा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत बांधलेला आहे. म्हणून 'साठच्या दशकातला' एवढ्याने भागत नाही, नेमके वर्ष काढा. शिवाय गाणी, संगीत, पटकथा यांचे हक्क वेगळे असू शकतात. प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्या अटी वेगळ्या, आणि कुणी नव्याने केलेली सबटायटल ही त्या अनुवादकाची. चित्रपट मोकळा झाला म्हणून ही सगळी आपोआप मोकळी होत नाहीत.

निर्मात्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून पत्र घ्याल तेव्हा त्यात तारीख, जागा, किती खेळ, किती खुर्च्या, तिकीट की विनामूल्य, आणि प्रत कोणत्या स्वरूपात मिळणार हे सगळे लिहून घ्या. 'एका कार्यक्रमासाठी परवानगी' एवढेच लिहिले असेल तर गर्दी झाली म्हणून दुसरा खेळ लावता येणार नाही.

फाळक्यांच्या चित्रपटासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. हे संग्रहालय १९६४ चे, २०२२ पासून एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली आहे. अर्ज लेटरहेडवर, निदान दोन महिने आधी.

सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा. जुन्या प्रमाणपत्रांची दहा वर्षांची मुदत २०२३ च्या दुरुस्तीने गेली, त्यामुळे 'मुदत संपली' या शंकेत अडकू नका. डिसेंबरसाठी अलीकडचा चित्रपट निवडलात तर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ या वयानुसारच्या वर्गांतला कोणता वर्ग आहे ते भित्तिपत्रकावर छापा. देवळाच्या प्रांगणात 'ए' (फक्त प्रौढांसाठी) वर्गाचा चित्रपट लावण्याचा विचारच नको, तिथे मुलांना अडवणार कोण?

हे वर्षानुवर्षे चालवायचे असेल तर रीतसर फिल्म सोसायटी नोंदवून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजचे सभासद व्हा. १९५९ पासूनची ही संस्था आहे, आणि प्रती मिळवण्याची वाट तिथून सोपी होते.

पडदा_आणि_पंखे

सभागृहाची मापे दिलीत ते बरे केले. नेमके सांगता येते.

पडदा १४ फूट रुंद घ्या, उंची सुमारे ७ फूट १० इंच. क्षेत्रफळ ११० चौरस फूट. चित्रपटगृहात पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड धरतात, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला १४ लुमेन. तुम्हाला साधारण १५४० लुमेन खरे हवेत. भाड्याच्या प्रोजेक्टरवर छापलेले ५००० लुमेन 'ब्राइट' मोडचे असतात, ज्यात चेहरे हिरवट दिसतात. 'सिनेमा' मोडला आणले आणि दिवा थोडा वापरलेला असला की निम्मे धरा. तरीही पुरतात, पण खोली पूर्ण अंधारी असेल तरच. पश्चिमेच्या खिडक्यांना काळे कापड दुहेरी लावा, आणि कडांना चिकटपट्टी मारा. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पाचचा खेळ असेल तर पहिला तासभर तो थेट त्याच खिडक्यांवर असतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर हवी. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके साधारण तेवढ्या उंचीवर येते आणि सबटायटल नेमकी त्याच पट्ट्यात असतात. हे चुकले की मागच्या आठ ओळींना चित्र दिसते पण वाचता येत नाही.

आता पंखे. प्रोजेक्टरचा झोत पात्यांमधून गेला तर पडदाभर लुकलुक होते, आणि माणसे ती प्रतीचा दोष समजतात. लेन्सपासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत दोरी ताणून पाहा. ती पात्यांच्या खालून गेली पाहिजे. पडद्याजवळचा पंखा बंदच ठेवा, नाहीतर कापड हलते.

प्रोजेक्टरची लेन्स साधारण १.५ गुणोत्तराची असेल (म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागत असेल) तर तो पडद्यापासून २१ फुटांवर येईल, म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध. मधल्या वाटेत स्टँड, आजूबाजूच्या चार खुर्च्या काढलेल्या. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवा आणि पुढे फक्त आवाजाची केबल न्या. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे दगा देते, चित्र मध्येच जाते. चित्र तिरके आले तर मेनूतले कीस्टोन (तिरके चित्र सरळ करायची सोय) ओढू नका, त्यात अक्षरे मऊ पडतात. स्टँड हलवा.

साठच्या दशकातले बरेच कृष्णधवल चित्रपट १.३७ आकाराचे, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद, असतात. तुमच्या पडद्यावर ते १० फूट १० इंच रुंदीत बसतील, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट रिकामे राहील. राहू द्या. 'पडदा भरत नाही' म्हणून कुणीतरी येऊन चित्र ताणतोच, आणि मग नायिका रुंद होते. त्या रिकाम्या पट्ट्यांवर काळे कापड सोडले की चित्र उठून दिसते.

आवाजाकडे मंडळे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि प्रेक्षक सर्वांत आधी आवाजाला कंटाळतात. जुना चित्रपट मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजाचा, असतो. तो दोन टोकांच्या स्पीकरमधून सोडण्यापेक्षा दोन्ही स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध जवळजवळ ठेवा, संवाद पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचे कापा, घरघर जाते. वरची खरखर ८ किलोहर्ट्झच्या पुढे थोडी उतरवा, पण फार नको, नाहीतर 'स' आणि 'श' एकच होतात. सभागृहाला फरशी आणि सिमेंटच्या भिंती असतील तर मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगा. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, माणसे बसली की निवळतो. तालमीला त्यावरून घाबरून आवाज कमी करू नका.

डिसेंबरचा चित्रपट ५.१ आवाजाचा (सहा वेगळ्या चॅनेलचा) असेल तर एक मोठा खड्डा आहे. त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात. लॅपटॉपने फक्त डावा-उजवा बाहेर काढला तर संगीत दणदणीत आणि संवाद गायब. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ डाउनमिक्स करून (सगळी चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळून) घ्या आणि एक संवादाचा प्रसंग लावून खात्री करा. गाण्यावर तपासले तर हा दोष कळतच नाही.

सबटायटलची जोडाक्षरे दोन कारणांनी फुटतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) साठवलेली नसते, किंवा प्लेअरला देवनागरी फाँट सापडत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून साठवा, प्लेअरमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. तरी फुटली तर सबटायटल चित्रातच छापून नवी फाइल करा. कुणाच्याही लॅपटॉपवर ती सारखीच दिसेल. ओळी दोनच, ओळीत ३५ ते ४० अक्षरे.

सबटायटल सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे सरकत असतील तर वेगाचा घोळ आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) आणि सबटायटल २५ च्या प्रतीवर बेतलेली असतील तर तासाला सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. सगळी फाइल मागेपुढे सरकवून हे सुटत नाही, गुणोत्तराने ताणावी लागते. म्हणून तपासताना पहिली दहा मिनिटे पाहून थांबू नका, शेवटचे दृश्य पाहा.

वाचनालय_डिचोली

मनापासून आभार. पंख्यांचे कुणाच्याच डोक्यात आले नसते. मूकपटाबद्दल आणि उघड्यावरच्या खेळाबद्दल कुणी सांगेल का? आणि उद्घाटनाचा छोटा कार्यक्रम चित्रपटाआधी ठेवावा की नंतर?

ताल_आणि_फ्रेम

मूकपटाची गती आधी तपासा. त्या काळी हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम घेत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात, म्हणजे १६ च्या वेगाने १००० फुटांचे रीळ १६ मिनिटे ४० सेकंद चालते, आणि तेच २४ ने सोडले तर ११ मिनिटांत उरकते. मग माणसे तुरुतुरु पळतात आणि देवादिकांचे प्रसंगही हास्यास्पद होतात. मिळालेल्या फाइलमध्ये चालणारा माणूस नैसर्गिक चालत असेल तर वेग आधीच दुरुस्त केलेला आहे, हात लावू नका. पळत असेल तर प्लेअरचा वेग ०.६७ ते ०.७५ च्या दरम्यान ठेवून पाहा. आवाज नसल्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही. हे वादकांना बोलावण्याआधी ठरवा; वेग बदलला की बसवलेली सगळी लय वाया जाते.

मिनिटावार तक्ता करा: कुठे प्रसंग बदलतो, कुठे पाटी (पडद्यावरचा मजकूर) येते, कुठे थांबायचे. पाटी वाचायच्या वेळी पखवाज-घुमट शांत, पेटीचा नुसता सूर. या चित्रपटात कृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. तिचे खोडकर प्रसंग हलक्या ठेक्यात घ्या आणि दणका कालियाच्या प्रसंगासाठी राखून ठेवा. सुरुवातीपासून द्रुत लयीत सुटले तर शेवटाला चढायला जागा उरत नाही. पूर्ण लांबीच्या दोन तालमी हव्यात.

वादक पडद्याच्या डाव्या बाजूला, तिरके बसलेले. त्यांना पडदा तिरका दिसतो, म्हणून समोर दुसरा छोटा मॉनिटर, त्यावर चालू वेळ. मोठा दिवा नको. खाली तोंड केलेला, झाकलेला मंद दिवा, ज्याचा उजेड पडद्यावर जाणार नाही. एवढ्या सभागृहात घुमटाला आणि पखवाजाला माइक नको, फक्त पेटीला द्या.

नोव्हेंबरातही कातडे ओलाव्याने सैल पडते. वाद्ये तासभर आधी सभागृहात आणून ठेवा, पखवाजाची कणीक तिथेच लावा. घुमट शेकायचे असेल तर बाहेर, आणि खेळाआधी पंधरा मिनिटांहून लवकर नको, पुन्हा उतरते.

उद्घाटन नंतर ठेवा. समई, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक म्हणता म्हणता चाळीस मिनिटे जातात आणि लहान मुले चित्रपटाआधीच पेंगतात. आधी फक्त पाच मिनिटांचा परिचय: चित्रपट केव्हाचा, किती मिनिटांचा, काय पाहावे.

प्रांगण_उघडे

उघड्यावरच्या खेळाचे घड्याळ दोन टोकांनी बांधलेले असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातपर्यंत पुरता अंधार. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, त्याआधीही लेखी परवानगी हवी. म्हणजे पावणेसात ते पावणेदहा हेच तुमचे तीन तास, मध्यंतर धरून. अडीच तासांपेक्षा मोठा चित्रपट निवडू नका. शिवाय गावाकडच्या खासगी बस आठनंतर तुरळक असतात, तेव्हा संपण्याची वेळ भित्तिपत्रकावर ठळक द्या, लोक परतीची सोय करून येतात.

तारीख ठरवताना आजूबाजूच्या जत्रा आणि कालो (देवळातला दशावतारी नाटकाचा उत्सव) पाहा. पलीकडच्या वाड्यावर दशावतार असेल तर प्रेक्षकही तिकडे आणि आवाजही तिकडचा. नोव्हेंबरच्या खेळासाठी २० तारखेनंतरचा आठवडा टाळा. इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो, प्रोजेक्टर आणि तंत्रज्ञ पणजीला गुंतलेले असतात.

पडद्याचे कापड म्हणजे शीडच. १४ फुटी पडद्याला लोखंडी पाइपची चौकट, दर फुटाला डोळा (दोरी ओवायचे भोक), चारी कोपऱ्यांना ताण, आणि जोराचा वारा सुटला तर खालची कड सोडता येईल अशी गाठ. माडांना बांधू नका, माड डोलतो आणि चित्र श्वास घेतल्यासारखे हलते.

आठनंतर दव पडते. प्रोजेक्टरवर छत्री किंवा छोटा मंडप हवा, पण गरम हवा बाहेर पडायची बाजू मोकळी ठेवा. प्रोजेक्टर एसी गाडीतून आणला असेल तर पेटी बंद ठेवून अर्धा तास थांबा, लगेच उघडला तर लेन्सवर बाष्प धरते. किड्यांसाठी प्रांगणाच्या दूरच्या कोपऱ्यात एक पांढरा दिवा लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात.

रिळ_पस्तीस

एक राहिले, वीज. प्रोजेक्टर साधारण ४०० ते ५०० वॅट खातो, लॅपटॉप धरून १ केव्हीएचा ऑनलाइन (वीज गेली तरी क्षणाचाही खंड न पाडणारा) यूपीएस पुरतो. दिव्याचा प्रोजेक्टर वीज जाऊन एकदम बंद पडला की तापलेला दिवा थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही; प्रेक्षक उठून जायला तेवढी मिनिटे पुष्कळ होतात. स्पीकर यूपीएसवर टाकू नका, त्यांना वेगळी लाइन. स्पीकरमधून गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (गुणगुण तोडणारी छोटी पेटी) घाला, अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका.

लॅपटॉपवरचे अपडेट, सूचना आणि झोप बंद. चित्रपटाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या माणसाच्या खिशात. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट-३२ पेनड्राइव्हवर बसत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि भाड्याच्या प्लेअरवर तो वाचला जातो का हे आदल्या दिवशीच पाहा.