भाड्याची गाडी हाती देताना तिची ओळख करून देणे सक्तीचे असावे का?

सह्यप्रवासी

स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेण्याची पद्धत पुणे, मुंबई आणि गोव्यात आता चांगलीच रुळली आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या गाड्या ताम्हिणी, आंबोली आणि चोर्ला घाटांत सुट्टीच्या दिवशी हमखास दिसतात. गाडी ताब्यात देताना परवाना, ओळखपत्र आणि अनामत रक्कम कसून पाहिली जाते, प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढले जाते. मात्र या गाडीचा रिव्हर्स गिअर कसा पडतो आणि पुढच्या काचेवर धरलेले बाष्प घालवण्याचे बटण कोठे आहे, हे सांगण्यासाठी कोणी थांबत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, ही ओळख करून देणे भाड्याने गाडी देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक असले पाहिजे.

यामागचे कारण सोयीचे नसून सुरक्षिततेचे आहे. मारुतीच्या पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत रिव्हर्स उजवीकडे खाली, म्हणजे पाचव्याच्या खाली पडतो. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत दांड्याखालची कडी वर उचलून तो डावीकडे वर टाकावा लागतो, तर फोक्सवॅगनमध्ये दांडा आधी खाली दाबून पहिल्या गिअरच्या शेजारी न्यावा लागतो. इंडिकेटरचेही तसेच आहे. मारुती आणि ह्युंदाईत तो स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडात डावीकडे. वर्षानुवर्षे एकच गाडी चालवणाऱ्या माणसाचा हात सवयीने चालतो, विचाराने नाही. त्यामुळे चौकात वळताना वायपर सुरू होतो आणि मागच्या वाहनाला वळण्याची सूचना मिळतच नाही. कोरड्या दिवशी हे निभावते. जुलैमध्ये ताम्हिणीत धो-धो पाऊस असताना काचेला आतून बाष्प धरले आणि चालक अनोळखी बटणे चाचपू लागला, तर त्या काही सेकंदांत गाडी कोणाच्या भरवशावर चालते?

एके काळी पॅडलसुद्धा एकसारखी नव्हती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीत डावे पॅडल गिअरचे, मधले रिव्हर्सचे आणि उजवे ब्रेकचे होते. वेग वाढवण्याची दांडी स्टिअरिंगपाशी होती. आज जगाच्या पाठीवर कोठेही गेलात तरी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच असतो. जे पॅडलांच्या बाबतीत घडले ते इतर महत्त्वाच्या गोष्टींत घडेपर्यंत निदान ओळख तरी करून द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

जुनाचालक

आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. परवाना हलक्या मोटार वाहनाच्या वर्गाचा मिळतो, विशिष्ट मॉडेलचा नाही. याचा अर्थ शासनाने आपल्याला त्या वर्गातील कोणतेही वाहन चालवण्यास पात्र ठरवले आहे आणि ते वाहन समजून घेण्याची जबाबदारीही त्याच परवान्याबरोबर आपल्याकडे आली आहे. भावाची, मित्राची किंवा कार्यालयाची गाडी घेतो तेव्हा कोण सक्तीने ओळख करून देतो?

न्यायालयांचा कलही याच दिशेने आहे. जर्मनीत मुसळधार पावसात टेस्ला चालवणाऱ्या एका चालकाने वायपरचा वेग बदलण्यासाठी मधल्या पडद्यावर (टचस्क्रीनवर) बोट फिरवले आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. कार्ल्सरूहे येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दोष चालकाचाच मानला आणि २०० युरो दंड व एक महिना वाहनबंदी कायम ठेवली. नियंत्रण कोठे बसवले आहे हा निर्मात्याचा निर्णय खरा, पण ते कधी हाताळायचे हा चालकाचा निर्णय असतो.

मला सक्तीची खरी भीती वेगळी वाटते. आपल्याकडे जे सक्तीचे होते त्याचा एक छापील कागद तयार होतो, त्यावर सही घेतली जाते आणि ओळख तेवढ्यावरच संपते.

कृष्णाकाठ

या चर्चेत एक बाजू सुटली आहे, म्हणून लिहिते. माझी उंची कमी आहे. भाड्याच्या गाडीत माझा पहिला प्रश्न इंडिकेटरचा नसतो, तर आसनाचा असतो. आसन पुढे घेतले तरी ते वर उचलण्याची सोय सगळ्या गाड्यांत, विशेषतः स्वस्त प्रकारांत, नसते. आसन पुढे घ्यावे तर गुडघे स्टिअरिंगखाली लागतात, मागे घ्यावे तर क्लच तळापर्यंत दाबला जात नाही. क्लच अर्धवट दाबून घाटात गिअर टाकला की दातांची खरखर ऐकू येते आणि मागून हॉर्न सुरू होतात. त्यातच प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. भाड्याच्या गाडीत तो बहुधा झिजलेला असल्याने अगदी वर पकडतो आणि चढावर गाडी मागे सरकते.

गाडी घेऊन आलेला मुलगा ओरखड्यांची छायाचित्रे काढून किल्ली हातात देतो आणि पुढच्या ग्राहकाकडे जाण्यासाठी उभा असतो. अशा वेळी आसन, तिन्ही आरसे आणि पट्ट्याची उंची नीट लावून घेण्याचा अवधी मागणेसुद्धा अवघड वाटते, आणि बाईने तो मागितला तर तिला गाडी येत नाही असा समज करून घेतला जातो. जुनाचालक, आपण म्हणता तसे मित्राची गाडी घेताना सक्ती नसते हे खरे आहे, पण मित्र शेजारी बसून एक फेरी मारू देतो. येथे व्यवहार पैशांचा आहे. पैसे घेणाऱ्याने तेवढा अवधी देणे हा माझ्या दृष्टीने हक्काचा भाग आहे, म्हणून माझा पाठिंबा सह्यप्रवासी यांना.

यंत्रवेडा

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात काम करतो. दोन्ही बाजू ग्राहक आणि भाड्याने देणारा यांच्यातच अडकल्या आहेत. मूळ प्रश्न निर्मात्याकडे आहे.

युरोपीय कंपन्यांचा इंडिकेटर डावीकडे का, तर डाव्या स्टिअरिंगच्या बाजारांसाठी केलेली रचना त्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतही तशीच ठेवतात, असे उत्तर मिळते. खर्च वाचतो हे मान्य. पण जपानी कंपन्या काय करतात ते पाहा. जपानमध्ये आणि भारतात इंडिकेटर उजवीकडे देणारी सुझुकी ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तो डावीकडे देते, कारण तेथे तशी पद्धत पडली आहे. म्हणजे बाजाराने ठरवले तर दांडी बाजू बदलते. उजवे स्टिअरिंग आणि हाताने टाकायचे गिअर असलेल्या आपल्या देशात ती उजवीकडे असण्याला सबळ कारण आहे: वळणावर डावा हात गिअरवर असतो, तेव्हा इंडिकेटरसाठी उजवा हात मोकळा राहतो.

नियमाने हे साधता येते याचा दाखला जुना आहे. अमेरिकेत एके काळी काही ऑटोमॅटिक गाड्यांत रिव्हर्स हा लो गिअरला लागून, टोकाला असे. गाडी पुढे न्यायची असताना ती मागे जाई. १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या तेथील सुरक्षा मानकाने पुढचा आणि मागचा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे असे ठरवले, आणि आज पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा क्रम सर्वत्र दिसतो. त्यालाही बगल देऊन काही नवे करायला गेले की काय होते, तेही दिसले आहे. प्रत्येक वेळी ढकलल्यावर मध्यभागी परत येणारा गिअरचा दांडा फियाट क्रायस्लरने काही मॉडेलना दिला. गाडी पार्कमध्ये आहे असे समजून लोक खाली उतरू लागले आणि गाडी सरकू लागली. एप्रिल २०१६ मध्ये जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन याचा परत बोलावलेल्यांपैकीच एका मॉडेलच्या, स्वतःच्याच सरकत आलेल्या गाडीने खांबाशी चिरडून मृत्यू झाला. ते सगळे लोक गाडी भाड्याने घेतलेले नव्हते, बहुतेक मालकच होते. रोजच्या वापरातल्या माणसाला जे उमगत नाही, ते किल्ली देताना केलेल्या ओळखीने उमगेल यावर माझा विश्वास नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. दाबोळी असो वा मोपा, गाडी बहुतेक वेळा विमानतळाच्या वाहनतळावर दिली जाते. तेथे एका मागोमाग एक प्रवासी बाहेर पडत असतात आणि गाडी फार वेळ उभी ठेवता येत नाही. सक्तीची ओळख तेथे करायची कशी, हे कोणी तरी सांगावे.

शिवाय गोव्यात खरी अडचण बटणांची नसून रुंदीची असते. पुण्यात लहान गाडी चालवणारा येथे हौसेने मोठी एसयूव्ही घेतो आणि गावातल्या अरुंद रस्त्यावर चिऱ्याच्या गडग्याला घासतो. तिची रुंदी कोणी बोलून समजावू शकत नाही. त्यामुळे आपल्या घरी आहे त्याच आकाराची आणि शक्यतो त्याच कंपनीची गाडी मागावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहतो आणि कामानिमित्त विमानतळांवरून नेहमी गाडी घेतो. येथेही ओळख कोणी करून देत नाही. भारतातून आलेल्या नातेवाइकांना स्टिअरिंग डावीकडे, रहदारी उजवीकडे आणि इंडिकेटरच्या जागी वायपर, असे तिन्ही बदल एकदम झेलावे लागतात.

तरीही कायदा भाड्याने देणाऱ्यावर काहीच बंधन घालू शकत नाही, हे म्हणणे चुकीचे ठरेल. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात हाउक आडनावाच्या दोन बहिणी भाड्याच्या गाडीत मृत्युमुखी पडल्या. ती गाडी निर्मात्याने आधीच परत बोलावली होती, पण दुरुस्ती न करताच ती भाड्याने देण्यात आली. त्यांच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्या दोघींच्याच नावाने कायदा झाला. ३५ हून अधिक गाड्या असलेल्या कंपनीला परत बोलावलेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने देता येत नाही. भारतात आधी अशी सक्ती आणावी. गाडीची ओळख त्यानंतरची गोष्ट आहे.

सह्यप्रवासी

सर्व प्रतिसाद मन लावून वाचले. यंत्रवेडा यांचा इंडिकेटरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, परंतु तो नियम उद्या झाला तरी आज रस्त्यावर असलेल्या गाड्या आणखी दहा-पंधरा वर्षे चालणार आहेत आणि तेवढा काळ त्या भाड्यानेही जाणार आहेत. शिवाय वाहन उद्योगाचा प्रवाह उलट्या दिशेने गेला आहे. स्वीडनच्या ‘वी बिलॅगरे’ या मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने घेतलेल्या चाचणीत, २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोमध्ये चार साधी कामे १० सेकंदांत उरकली, तर पडदा असलेल्या एका नव्या गाडीत त्यांनाच ४४.६ सेकंद लागले. चालकांना चाचणीपूर्वी गाडीशी ओळख करून घेण्यासाठी वेळ दिलेला होता, हे लक्षात घ्या. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुण देण्यासाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी मागितली आहे, ते स्वागतार्हच आहे. त्याचा परिणाम आपल्या भाड्याच्या गाड्यांपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागेल.

मांडवीकाठ, विमानतळावर व्याख्यान द्यावे असे मी म्हणत नाही. चालकासमोरच्या सूर्यझडपेला (सन व्हायझरला) आतून एक पत्रक चिकटवलेले असावे आणि त्यावर त्याच मॉडेलचे चित्र असावे. रिव्हर्स कसा टाकायचा, इंडिकेटर कोणत्या हाताला, काचेवरचे बाष्प घालवण्याचे बटण कोठे, बटणाचा हँडब्रेक असल्यास तो कसा सोडायचा, आणि टाकीत पेट्रोल भरायचे की डिझेल, एवढेच त्यावर हवे. बाष्पाच्या बाबतीत एक ओळ जास्त लिहावी: काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडावी, आणि एसीच्या गारठ्याने बाहेरून धुरकटली तर तापमान थोडे वाढवून वायपर फिरवावा. कित्येक चालक आतून धुरकटलेली काच हाताने पुसत घाट उतरतात, कारण पावसाळ्यात एसी लावायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कृष्णाकाठ यांनी मागितलेला अवधी मात्र पत्रकात मावणार नाही. आसन आणि आरसे लावून झाल्याशिवाय भाड्याचा वेळ सुरू करू नये, ही माझी दुसरी मागणी मी त्यांच्या प्रतिसादामुळे जोडतो.

जुनाचालक

सूर्यझडपेवरच्या पत्रकाला माझा पाठिंबा आहे आणि भाड्याचा वेळ उशिरा सुरू करण्यालाही आहे. या दोन्ही गोष्टी कोणतीही कंपनी उद्यापासून करू शकते. तिला ग्राहकांनी तसे ठणकावून सांगितले पाहिजे.

कायद्याला माझा विरोध मात्र कायम आहे, आणि त्याचे कारण मी पहिल्या प्रतिसादात अर्धेच सांगितले होते. ‘गाडीची पूर्ण ओळख करून मिळाली’ अशा कागदावर एकदा ग्राहकाची सही झाली की, अपघातानंतर अनामत रक्कम कापताना आणि नुकसानभरपाईच्या वादात तोच कागद त्याच्यासमोर ठेवला जाईल. झिजलेल्या क्लचमुळे गाडी मागे सरकली तरी ‘आपल्याला सांगितले होते’ असे उत्तर मिळेल. ज्या ग्राहकाच्या हितासाठी आपण सक्ती मागत आहात, त्याचीच बाजू त्यामुळे लंगडी होईल. सही न घेता ओळख बंधनकारक करण्याचा आणि ती खरोखर करून दिली की नाही हे तपासण्याचा काही मार्ग आपण दाखवला, तर मी माझे मत बदलायला तयार आहे.