मदत हवी आहे: पुनर्विकासानंतरचा मेंटेनन्स आईला झेपत नाही

नमस्कार मंडळी. शिवाजी पार्कला आमची तीन मजली जुनी इमारत होती. तिचा पुनर्विकास होऊन टॉवर झाला, आणि आईबाबांना नवव्या मजल्यावर घर मिळालं. आता बाबा नाहीत, आई ७८ वर्षांची आहे. घर सुंदर आहे, गॅलरीतून मैदानातले दिवे दिसतात. पण मेंटेनन्सचं बिल महिन्याला ११ हजारांवर गेलंय. ७,५०० च्या वर गेल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी, तो वेगळाच.

बिल्डरने दिलेला कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, आम्ही बँकेत एफडीत ठेवलाय. त्याच्या व्याजात पूर्वी बिल भागायचं, आता पेन्शनमधून भर घालावी लागते. आई दर महिन्याला बिल चष्म्याजवळ धरून ओळ न् ओळ वाचते, "स्विमिंग पूल" या ओळीवर बोट ठेवते आणि काही न बोलता चेक लिहिते. ते बघवत नाही हो. याच गल्लीत तिची ५२ वर्षं गेलीत, तिला इथून हलवायचं नाहीये.

सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच असतं, हे सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) वाचलंय. पण पूल, जिम, क्लबहाउसचा खर्च वापरणाऱ्यांकडूनच घ्यावा असा ठराव सर्वसाधारण सभेत कुणी मंजूर करून घेतलाय का? विषय अजेंड्यावर यावा म्हणून पत्र कसं लिहिलंत? दादर, पार्ले, डेक्कन भागातल्या पुनर्विकसित सोसायट्यांतल्या लोकांनी कृपया अनुभव सांगा. सभा पुढच्या महिन्यात आहे.