नियम आहेत हो, पण...
नियमच नाहीत म्हणून चिनी लोक मनाने औषधं घेतात असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. १ जुलै २००४ पासून तिकडे प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिक विकायला बंदी आहे, कागदावर तरी. पण साध्या सर्दीसाठी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात लाइन लावून कोण बसणार, आणि मागच्या आजारपणातल्या गोळ्या घरात उरलेल्या असतातच, मग त्याच घेतल्या जातात (आपल्याकडे वेगळं काय होतं म्हणा). कोविडात तर कित्येक शहरांत ताप-खोकल्याचं औषध घेताना नावगाव नोंदवावं लागायचं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निर्बंध एकदम उठले तेव्हा सगळे मेडिकलवर तुटून पडले, आयबुप्रोफेन मिळेना, लियानहुआ छिंगवेन या चिनी वनौषधीच्या कॅप्सूल मिळेनात. २००३ मध्ये सार्सच्या वेळी बानलानगेन या चिनी वनौषधीसाठी अशीच झुंबड उडालेली.
किती चिनी लोक मनाने औषधं घेतात याचा आकडा देणाऱ्या सर्व्हेबद्दल माझी शंका वेगळीच आहे. "डॉक्टरला न विचारता औषध घेता का" एवढंच विचारलं तर बानलानगेनसारखी गरम पाण्यात ढवळून प्यायची पावडर लोक औषधात धरतात का? ते वेगळं विचारलं नसेल तर आकडा कमीच दिसणार ना.