विषय: बागेसाठी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र मिळेल का?

मंडळी, नमस्कार.
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या बागेची जागा महापालिकेच्या घरबांधणी खात्याची आहे आणि आता तिथे इमारत बांधायचं घाटतंय. आमच्या चार मराठी घरांचे तिथे वाफे आहेत : मेथी, अंबाडी, अळू. पुढच्या आठवड्यात कम्युनिटी बोर्डाची, म्हणजे आमच्या भागाच्या स्थानिक समितीची, सभा आहे. ‘मराठी संस्कृती जपायला ही बाग हवी’ असं पत्र मंडळाने द्यावं. गणपतीच्या दूर्वांचाही मुद्दा घालता येईल.
– ब्रुकलिनकर

---

पत्र जरूर देऊ, पण हा मजकूर नको. दूर्वा तर नकोतच. इथे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरलं की तो सह्या कसला देतोय! कुंडीत लावा.

बोर्ड विचारेल की फाटक किती वेळ उघडं असतं. ग्रीनथम्बच्या, म्हणजे महापालिकेच्या सामुदायिक बाग योजनेतल्या, बागा एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याला किमान २० तास सगळ्यांसाठी उघड्या ठेवाव्या लागतात. फाटकाला कायम कुलूप आणि आत आपलं अळू, असं चित्र असेल तर कुणीही बिल्डरच्या बाजूने बोलेल. शिवाय बोर्डाचं मत नुसता सल्ला असतो, तेव्हा त्याच दिवशी कौन्सिल मेंबरच्या ऑफिसातही जाऊन या.
– क्वीन्सहून काका

---

काका, तुमचं पटतं, पण अर्धंच. लोअर ईस्ट साइडच्या एस्पेरांझा बागेत बुलडोझर अडवायला लोक पहाऱ्याला बसले ते भल्याथोरल्या कोकी बेडकाच्या प्रतिकृतीत. कोकी म्हणजे पोर्टो रिकोची शान. ती संस्कृती नव्हती का?
– जर्सीहून ताई

---

होती ना ताई. पण ती अख्ख्या गल्लीची होती, आणि बाग २२ वर्षं जुनी. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये बुलडोझर फिरलाच. राज्याचे ॲटर्नी जनरल स्पिट्झर यांनी बागा पाडायला कोर्टातून स्थगिती मिळवली तीही त्याच दिवशी, बाग गेल्यावर. मात्र त्या स्थगितीमुळे बाकीच्या शेकडो बागा तगल्या आणि २००२ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात राज्य आणि महापालिकेत तडजोड झाली.

त्याआधी १९९९ मध्ये तेव्हाचे महापौर जुलियानी ११४ बागांचा लिलाव करणार होते. मोकळ्या जागा जपणारी ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही संस्था आणि गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था यांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर मोजले म्हणून त्या वाचल्या. आपल्याकडे बेट मिडलर नाही. सह्याच गोळा कराव्या लागतील.
– काका

---

आणि घरं नकोत असं चुकूनही म्हणू नका. भाडं भरताना आपल्याच पोरांचे काय हाल होतात ते बघतोय आपण. मॅनहॅटनमधल्या एलिझाबेथ स्ट्रीटच्या बागेवर ज्येष्ठांसाठी १२३ घरं व्हायची होती. जून २०२५ मध्ये तेव्हाचे महापौर ॲडम्स यांनी बेत सोडला तो त्याच भागातल्या दुसऱ्या तीन जागांवर ६२० हून जास्त घरं बांधायचं ठरल्यावर. बाग वाचवायची तर दुसरी जागा आपणच दाखवायला हवी.
– ताई

---

ठीक. संस्कृती काढली. वरच्या सह्या बांगलादेशी आणि डॉमिनिकन शेजाऱ्यांच्या, मंडळाचं नाव शेवटी. कुलपाची किल्ली आजपासून तीन घरांत ठेवतोय, वेळांचा फलकही लावतो. दोन गल्ल्या पलीकडे सरकारी पार्किंग लॉट ओस पडलाय, त्याचा ब्लॉक आणि लॉट नंबर (महापालिकेच्या नोंदीतला जागेचा क्रमांक) कुणी शोधून देईल का? रविवारपर्यंत हवाय.
– ब्रुकलिनकर