इम्युनोथेरपीनंतरचा कोलायटिस, टीबीची इग्रा चाचणी आणि विटा ते मिरज अंतर

रुग्ण विट्यात (जि. सांगली) दाखल, वय ६२, फुप्फुसाचा कॅन्सर. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी २०० मिग्रॅ चालू होतं, ते आता बंद केलंय. दिवसाला आठ-नऊ जुलाब, रक्तासह. स्टूल कल्चर आणि सी. डिफिसिल (जुलाब करणारा जंतू) निगेटिव्ह, बायोप्सीत कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. पीडी-१ हा प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरचा ब्रेक; या औषधानं तो निघाला की त्या पेशी कॅन्सरच्या गाठीबरोबर आतड्यालाही सोडत नाहीत, तोच प्रकार.

शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १ मिग्रॅ प्रतिकिलो देऊनही उतार नाही. पुढे इन्फ्लिक्सिमॅब, ५ मिग्रॅ प्रतिकिलो. पण ते टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखतं, आणि टीबीचे जंतू पेशींच्या छोट्या गाठीत (ग्रॅन्युलोमात) कोंडून ठेवायला टीएनएफच लागतं. छातीचा सीटी स्वच्छ, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. राहिली ती इग्रा, म्हणजे टीबीचा सुप्त संसर्ग आहे का हे रक्तातून पाहणारी चाचणी.

घोडं इथंच अडलंय. चार नळ्या, प्रत्येकीत १ मिली रक्त. १६ तासांच्या आत ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात. कलेक्शनवाला संध्याकाळी नमुना उचलून रात्रीच्या गाडीनं पुण्याला धाडतो, मधले तास कुणीच मोजत नाही. त्यात स्टेरॉइडमुळे मायटोजेनच्या नळीचा (टी पेशी प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या कंट्रोल नळीचा) प्रतिसाद आधीच दबलेला, म्हणजे ‘इनडिटरमिनेट’ (ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह) येण्याची भीती.

रुग्णाला पुण्याला हलवणं शक्य नाही. इन्फ्लिक्सिमॅबऐवजी देता येणारं वेडोलिझुमॅब आतड्यापुरतं काम करतं हे खरं, पण खर्च झेपणार नाही.

सांगली-मिरजेत नळ्या तिथंच इन्क्युबेट करणारी लॅब कुठली? आणि रिपोर्ट इनडिटरमिनेट आला तर तुमच्याकडचे डॉक्टर चाचणी पुन्हा करतात, की टीबीची प्रतिबंधक गोळी सुरू करून इन्फ्लिक्सिमॅब देतात?