मदत हवी आहे: जुन्या बशा जोडून केलेल्या दागिन्यांच्या स्टँडची वरची बशी वारंवार निखळते

ओवी२२
जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या दोन बशा आणि मेणबत्तीचा एक स्टँड एकमेकांना जोडून मी कानातले, अंगठ्या आणि हार ठेवण्यासाठी दुमजली स्टँड तयार करत आहे. खालची बशी पक्की बसली आहे, परंतु वरची बशी काही दिवसांतच निखळते आणि पुन्हा चिकटवली तरी तोच प्रकार होतो. स्टँड बहिणीला भेट द्यायचा आहे आणि हाताशी वेळ थोडा आहे, त्यामुळे कोणता गोंद वापरावा एवढेच कृपया सांगावे.

खटपटे
बशा काचेच्या आहेत की चिनी मातीच्या, स्टँड लाकडी आहे की धातूचा आणि आतापर्यंत कोणता गोंद वापरला, हे आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय गोंदाचे नाव सुचवणे म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

निळीशाई
माझे मत विचाराल तर बशांचा नाद सोडून द्यावा. फोटोची जुनी लाकडी चौकट घेऊन तिच्यातील काच काढावी आणि मागून बारीक धातूची जाळी ताणून ठोकावी. आकड्यांचे कानातले तिच्यात सहज अडकतात आणि जोडी शोधावी लागत नाही. खालच्या पट्टीला कप टांगायचे छोटे हुक फिरवून बसवले की साखळ्याही सुट्या सुट्या लटकतात. माझ्याकडे अशी चौकट अनेक वर्षे भिंतीवर आहे.

ओवी२२
चौकटीची कल्पना चांगली आहे, परंतु बहिणीला टेबलावर ठेवता येईल अशीच वस्तू हवी आहे. बशा चिनी मातीच्या आहेत, स्टँड पितळी आहे आणि ग्लू गनचा गरम गोंद वापरला होता. आता तरी कृपया गोंदाचे नाव सांगावे.

खटपटे
मग कारण उघड आहे. गरम गोंद थंड धातूला लागताच गोठतो, त्यामुळे पृष्ठभागाशी त्याची नीट पकड बसत नाही. चिनी मातीवरील झिलई तर काचेसारखी गुळगुळीत असते. दोन नळ्यांतून येणारे, मिसळून लावायचे एपॉक्सी घ्यावे. दोन्ही जागा सँडपेपरने खरवडून, स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच ते लावावे. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारालाही पूर्ण ताकद येण्यासाठी साधारण २४ तास द्यावे लागतात.

सुतारपक्षी
एपॉक्सीवर माझा विश्वास नाही. बशीच्या मध्यभागी हिऱ्याच्या कणांच्या बिटाने, पाणी घालत, संथ गतीने भोक पाडावे आणि बोल्टने बशी आवळावी. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घातला म्हणजे दाब एका बिंदूवर येत नाही. असा जोड हवा तेव्हा सोडवताही येतो.

खटपटे
आपली पद्धत मजबूत आहे, हे मान्य. परंतु जुन्या बशीत न दिसणारी केसासारखी चीर असेल, तर भोक पाडतानाच ती दुभंगते. भेट द्यायची वेळ जवळ आलेली असताना पहिल्यांदाच हिऱ्याचा बिट हाती घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

सुतारपक्षी
बशी बोटाने वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ती बहुधा अखंड असते आणि बद्द आवाज आला तर चीर असण्याची शक्यता असते. एवढी तपासणी केली तर भीतीचे कारण नाही.

मधली_खोली
गोंद की बोल्ट, हा वाद घालण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात. बशी निखळते तेव्हा गोंद बशीला राहतो की स्टँडला? आणि हार नेमके कुठे अडकवता?

ओवी२२
गोंदाची पूर्ण चकती स्टँडवर राहते आणि बशी स्वच्छ निघते. हार वरच्या बशीच्या नागमोडी काठावर, एकाच बाजूला अडकवले होते.

मधली_खोली
म्हणजे सुटतो तो झिलईकडचा जोड, आणि त्याला दोन कारणे आहेत. मेणबत्ती बसवायची वाटी पोकळ असल्यामुळे बशी फक्त तिच्या अरुंद कडेवर टेकते. शिवाय काठावर एका बाजूला लटकणारे वजन तरफेसारखे काम करते आणि जोड एका कडेपासून उचकटत जातो. उभ्या दाबाला टिकणारा गोंदही अशा उचकटण्यापुढे हार मानतो. ती वाटी एपॉक्सी पुट्टीने (म्हणजे कणकेसारखे मळून भरायचे एपॉक्सी) काठोकाठ भरावी, पुट्टी पूर्ण कडक झाल्यावर वरचा भाग घासून सपाट करावा आणि मग खटपटे यांनी सांगितल्याप्रमाणे एपॉक्सीने बशी बसवावी. म्हणजे अरुंद कड्याऐवजी पूर्ण गोल चकतीएवढी जागा चिकटते. हार मात्र समोरासमोर, वजन सारखे राहील असे अडकवावेत.

चांदणवेल
चांदीच्या दागिन्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून सांगते. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते आणि रबर किंवा लोकरीचा नमदा यांच्या सहवासात ती अधिक लवकर काळी पडते. त्यामुळे बशीत अस्तर घालायचे असेल तर साधे धुतलेले सुती कापड घालावे. मोत्यांचे सर तर लटकवूच नयेत, कारण त्यांचा रेशमी दोरा वजनाने ताणला जातो. ते खालच्या बशीत आडवे ठेवावेत.

ओवी२२
चांदी आणि मोत्यांचा प्रश्न मी विचारला नव्हता, परंतु बहिणीकडे मोत्यांचा सर आहे, त्यामुळे हे उपयोगी पडेल. पुट्टीचा उपाय करून पाहते. एकच शंका आहे: बशीच्या मागच्या बाजूलाही सोनेरी नक्षी आहे, ती घासली तर चालेल का?

खटपटे
नक्षी घासू नये. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते, म्हणून कोरडी धूळ उडू देऊ नये. स्टँडची वाटी बशीवर उलटी ठेवून पेन्सिलीने गोल आखावा आणि फक्त त्या गोलाच्या आत, पाण्यात वापरता येणारा सँडपेपर ओला करून हलकेच घासावे. तिथेही नक्षी येत असेल, तर तेवढा भाग सोडून उरलेला घासावा.

मधली_खोली
पितळेवर पारदर्शक लाखेचा थर असेल तर वाटीच्या आतून आणि कडेवरून तो खरवडून काढावा, अन्यथा पुट्टी पितळेला न चिकटता त्या थराला चिकटेल. आणि बशी बसवल्यावर ती सरळ आहे की नाही, हे एपॉक्सी ओले असतानाच चारही बाजूंनी पाहून घ्यावे, नंतर ती हलवता येणार नाही.