आईच्या गुडघ्यांसाठी जनुक चाचणी करावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. आई ५६ वर्षांची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत चैत्रात सप्तशृंग गडाच्या पायऱ्या चढायची, यंदा ट्रॉलीने गेली. आता खालून उठताना ओट्याची कड धरते, उजवा गुडघा तळहाताने दाबते आणि क्षणभर तशीच थांबते. एक्स-रेत आतल्या बाजूची फट जवळपास बुजलेली दिसते.

डॉक्टर म्हणाले, वयाने गादी झिजली. पण तिच्याहून मोठी मावशी अजून ठणठणीत आहे! आजीचे गुडघे मात्र असेच गेले होते, मामाचा खुबा बदलावा लागला. म्हणून वाचायला लागलो.

जीडीएफ५ या जनुकावर अडकलोय. गर्भात हाडांच्या जागी आधी कूर्चेचा (सांध्यातली गादी जिची असते, त्या लवचिक ऊतीचा) सलग दांडा असतो. जिथे सांधा व्हायचा, नेमक्या त्या पट्ट्यात हे जनुक सुरू होतं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातला जो बदल खुब्याच्या संधिवाताशी जोडला, तो प्रथिनाच्या रचनेत नाहीच. प्रथिन तेच, फक्त कमी तयार होतं. शिवाय या जनुकाचे स्विच, म्हणजे ते कुठे चालू व्हायचं हे ठरवणारे डीएनएचे तुकडे, त्याच्यापासून लांब, डीएनएवर विखुरलेले, आणि वेगवेगळ्या सांध्यांसाठी वेगवेगळे. एकाच घरात कुणाचा गुडघा जातो, कुणाचा खुबा, ते यामुळे असेल का?

एका लॅबने जनुक चाचणी सुचवली आहे, पैसे बरेच सांगितलेत. असा एकेक बदल धोका थोडासाच वाढवतो, एवढं मला समजलंय. मग निकाल काहीही आला तरी आईच्या उपचारात फरक पडेल का? की तेच पैसे फिजिओथेरपीला लावू?

दुसरं, सांध्याची घडण जन्माआधीच ठरली असली तरी झीज होताना कूर्चेतल्या पेशी एमएमपी१३ हे विकर (एन्झाइम) जास्त बनवतात आणि ते कूर्चेला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन तोडतं. वजन कमी केलं, मांडीचे स्नायू बळकट केले, तर दुखणं कमी होतं हे ठाऊक आहे. पण पेशींमधली ही उलथापालथही थोडी आवरते का?

आणि बहिणीचं काय? २३ वर्षांची आहे, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळते. गुडघे दुखत नाहीत. आई म्हणते, पळणं बंद कर. मला ते पटत नाही, पण तिला सांगायला ठोस कारण हवंय.

अस्थिरोग, फिजिओ किंवा जनुकशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया लिहा. लॅबला शनिवारपर्यंत कळवायचं आहे.